अकरा हात

नऊ वर्षांची पोर सकाळी तोंड धुऊन चुलीपाशी बसते आणि मोबाईलला सांगते, "आज मी दोन गणितं करीन. टाइम भेटला तं तिसरं." बरं, सांगून गप बसावं ना, तर संध्याकाळी पुन्हा त्याच्याच पुढ्यात, "एक जमलं. एक चुकलं. हातचा घ्यायचा राह्यला." तुळजाबाईनं हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी तिची भाकर तव्यावरच करपली. स्वतःची चूक, स्वतःच्या तोंडानं, आणि तीही कोणी हात उगारल्याशिवाय! माहेरी तिला पाच भाऊ होते, सासरी गडीमाणसांची कमी नव्हती, पण असं वाक्य तिनं आजवर कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"अवं दामिनी, कोणाले सांगून राह्यली?"

"मोबाईलातल्या बाईले."

"अन् ते काय करते?"

"ते इचारते, चुकलं हे तुले कसं कळलं. उद्या काय करशीन."

"मारत नाई?"

"ते कायले मारते वं आई!" पोर हसली आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा उचलून तोंडात टाकला.

इचोड्याहून आत, डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेनं गेलं की त्यांचं गाव. गावात मराठी शाळा, पाचवीपर्यंत. तिथल्या रश्मी मॅडमनी यंदा हे नवं काढलं होतं. गणित मोबाईलवर, पण गणितातल्या वस्तू गावच्या. पायली, गोणी, वांग्यांचे वाटे, रांगोळीचे ठिपके. आणि या आठवड्यात काठी, हात आणि वीत. पोरांनी घरची एखादी जागा जुन्या मापानं मोजायची, घरचे सांगतात ते माप आणि आपण मोजलं ते माप दोन्ही भरायचं, आणि फरक आला तर तो का आला ते शोधून काढायचं. शनिवारी आई-बापांना शाळेत बोलावलं होतं. प्रत्येक पोर उभं राहून आपलं माप सांगणार होतं.

चंपतराव, म्हणजे तुळजाबाईचा नवरा, त्या दिवशी भलत्याच खुशीत होता. त्यानं माळ्यावरून आपल्या बापाची काठी काढली. बांबूची, पाच हात लांब, दर हाताला तांब्याची तार गुंडाळलेली. "ह्या काठीनं तुह्या आबानं वाटणी केली," तो पोरीला म्हणाला. "पांदणीपासून नाल्यालोक एकशेवीस हात. साठ हात मोठ्याले, साठ हात मले. मोजणीदार नाई, वाटणीचा कागद नाई. पट्ट्यावर दोघा भावाईचं नाव एकाच सर्वे नंबरात. भाऊ-भाऊ होतो आमी, दुश्मन नोयतो. लिवून घे मोबाईलात, साठ-साठ."

"मोजून लिवते बाबा," दामिनी म्हणाली.

मोठा भाऊ मारोतराव सात वर्षांपूर्वी वारला. त्याच्या माघारी नाल्याकडचं वावर त्याची बायको बयनाबाई एकटीनं ओढत होती. तुळजाबाई तिला अक्का म्हणायची. अक्काचं वावर पिकत नव्हतं, हे खरं. एकच पाणी, एकच माती, दोन्हीकडे वांगीच. पण इचोड्याच्या बाजारात तुळजाबाईच्या पुढ्यात चार डालगी असायची आणि अक्काच्या पुढ्यात अडीच. "हाताले गुण लागते," तुळजाबाई म्हणायची. एकदा तर भर बाजारात गिऱ्हाइकासमोर म्हणाली होती, "अक्काची चाल गोगलगायीची, वांगं पिकून पडते तवा ह्या वावरात पोचतात." गिऱ्हाईक हसलं होतं. अक्कानं पदर डोक्यावर घेऊन वांग्यांवर पाणी शिंपडलं होतं.

आता अक्का निघाली होती. मंचेरियलला तिची लेक होती, जावई कोळशाच्या खाणीत. रविवारी जावई टेम्पो घेऊन येणार, भांडीकुंडी भरणार आणि सासूला घेऊन जाणार. वावर चंपतरावनं कसायचं ठरलं होतं. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाई थकली, दिराच्या हवाली वावर केलं, झालं.

बुधवारी सकाळी तोडा होता. आश्विनाचं ऊन आठ वाजताच पाठ भाजायला लागलं होतं. तुळजाबाई कमरेला ओटा बांधून वांगी तोडत होती. वांग्याच्या देठाला बारीक काटे असतात, ते बोटांच्या पेरात मोडतात आणि संध्याकाळी कणिक मळताना टोचतात. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत तिची बोटं काळी पडून राठ झाली होती, तरी काटा तो काटाच. धुऱ्यावर अंबाडीची ओळ छातीइतकी वाढली होती, तांबड्या दांड्याची. इकडची तेलुगू मंडळी तिला बाजारात पुंटिकुरा म्हणतात. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, पण इथं मातीचा बांध नव्हताच. अंबाडीची ओळ हाच धुरा. पलीकडे अक्का वाकून आपली वांगी तोडत होती.

दामिनीनं पांदणीपासून, म्हणजे गाडीवाटेच्या कडेपासून सुरुवात केली. काठी टाकायची, टोकाला खड्यानं रेघ ओढायची, पुन्हा काठी. खड्यानं ओढलेली रेघ ती पायानं पुसू देत नव्हती. अंबाडीपाशी पोचून ती मोठ्यानं म्हणाली, "चौदा काठ्या अन् एक हात! एकाहत्तर!"

"बारा काठ्या," चंपतराव पंपापाशी बसून पाइप जोडत होता, तो तिथूनच म्हणाला. "बारा पंचे साठ. पुन्ना मोज."

पोरीनं पुन्हा मोजलं. एकाहत्तर. मोबाईलातली बाई तीनदा मोजायला सांगते म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. एकाहत्तर. मग अंबाडीतून अंग चोरून पलीकडे गेली आणि अक्काच्या बाजूनं नाल्यापर्यंत मोजत गेली. अक्का एकदा मान वर करून पाहून पुन्हा वाकली.

"नऊ काठ्या अन् चार हात. एकोणपन्नास."

"अक्का, पायता ना हिचं गणित!" तुळजाबाई धुऱ्यावरून हसत ओरडली. "मोबाईलनं शिकोलं!"

"पोर मोजून राह्यली तं मोजू दे," अक्का म्हणाली आणि डालगं पुढे सरकवलं.

चंपतराव उठला. त्याचा आवाज चढला होता. "काठी तिरपी टाकून राह्यली असशीन. नाई तं मोजता मोजता मोबाईलात पायलं असशीन. साठ लिव."

"बाबा, तिरपी नाई टाकली."

"मंग आबा खोटे का?"

पोर हटली नाही. बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "एकाहत्तर अन् एकोणपन्नास एकशेवीसच होतात. माहं चुकलं असतं तं बेरीज बराबर आली नसती."

आता बापाला उलट बोलणारी पोर कोणाला खपते! तुळजाबाईनं हातातलं वांगं टाकलं, तरातरा गेली आणि एक ठेवून दिली. काळ्या, काटेरी हाताची चपराक, गाल लगेच लाल झाला. "बापाले शिकवते! तोडा पडला हाय अन् हिचं मोजणंच सरून नाई राह्यलं!"

दामिनी रडली नाही. अंबाडीच्या सावलीत जाऊन बसली आणि मोबाईल तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "आज माहं माप सगळ्याईनं चूक म्हणलं. मले चूक भेटली नाई. उद्या मी फरक काऊन आला ते शोधीन." हे तुळजाबाईनं ऐकलं. पलीकडून अक्कानंही ऐकलं असणार, कारण तिचे हात थांबले होते.

गुरुवारी पोर शाळेतून आली ती सरळ वावरात. तुळजाबाई पाण्याचा दांड फोडत होती, फावडं घेऊन पोटऱ्यांपर्यंत चिखलात.

"आई, अंबाडी कोण पेरते?"

"मीच. लहाण्या सुनेचं काम असते ते."

"कशी पेरते?"

तुळजाबाईला कालची चपराक मनात खात होती. गालावर अजून दोन बोटांची खूण होती. तिनं फावडं टेकवलं, हात पदराला पुसले आणि धुऱ्यावर उकिडवी बसली. "हे पाय. अंबाडी कापली का मागं खुंट राह्यते. मिरगात पेरणीले आलं का ह्या खुंटावर असा आंगठा ठेवाचा अन् अशी वीत टाकाची." तिनं अंगठा जमिनीला लावला आणि करंगळी ताणून समोर टेकवली. "करंगळीपाशी आळं करून दाणा टाकाचा. जुन्या आळ्यात दाणा टाकला तं त्याले कीड लागते. नवी माती लागते त्याले. तुह्या आजीनं दाखोलं मले."

"दरसाली एक वीत?"

"दरसाली."

"अशीच? समोर?"

"समोरच ना. आपल्या वावरात बसून पेरते तं हात समोरच जाईन का मागं?"

पोर तिच्या बोटांकडे पाहत होती. मग तिनं आईची करंगळी कुठं टेकली आहे ते पाहिलं. करंगळी अक्काच्या वावराकडे होती. "आई, तू आल्यापासून किती पेरण्या झाल्या?"

"बावीस. आबाईनं वाटणी केली त्याच्या दुसऱ्या सालीच लगन झालं माहं."

"बावीस इता." दामिनी पुटपुटली. "दोन इतांचा एक हात. बावीस भागिले दोन. अकरा." तिनं डोळे मिटले. "साठ अन् अकरा, एकाहत्तर." डोळे उघडले. "साठातून अकरा गेले, एकोणपन्नास!"

आणि ती उडाली. खरंच उडाली, चिखलात दोन्ही पाय आपटून. "जमलं! आई, जमलं वं! फरक भेटला! माहं चुकलं नोयतं! अंबाडी चालत गेली, दरसाली एक वीत!" ती आईच्या गळ्यात पडली, तिच्या काळ्या हाताचा मुका घेतला, मोबाईल काढला आणि धापा टाकत सांगू लागली. बावीस, भागिले दोन, अकरा.

तुळजाबाई उठली नाही. तिचा अंगठा अजून खुंटावर होता आणि करंगळी ताणलेली होती. तिनं हात उचलला आणि पुन्हा पाहिला. बावीस इता. अवं माय! दरसाली जुने खुंट ती खोदून चुलीला नेत होती, दरसाली नवऱ्याचा नांगर नव्या ओळीपर्यंत जात होता, दरसाली एक एक वीत. आणि तिला वाटायचं आपल्या हाताला गुण आहे! बाजारात चार डालगी घेऊन बसायची, अक्काला गोगलगाय म्हणायची, लोकांना हसवायची. दांड फुटून पाणी भलतीकडे चाललं होतं, ते तिला दिसत होतं आणि हात उठत नव्हता.

आयुष्यात तिनं कोणाच्या बोरीचं बोर उचललं नव्हतं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर शिगोशीग परत करायची. तीच तुळजाबाई आणि अकरा हात जमीन! तीही विधवा जावेची!

चंपतराव उन्हं कलता भाकर खायला कडुनिंबाखाली आला. तिनं शिदोरी सोडली नाही. तशीच समोर उभी राहिली.

"धुरा सरकला," ती म्हणाली. "म्याच सरकोला. पेरता पेरता. पोरीनं बरोबर मोजलं होतं."

चंपतरावनं तांब्या तोंडाला लावला, चूळ भरून टाकली. "बोंबलू नोको. भाकर दे."

"तुमाले समजून राह्यलं का मी काय म्हणते?"

"समजून राह्यलं." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "मी नांगर धरतो, वं. मले नाई समजणार का? सहा तासं वाढली आपली, वांग्याच्या सहा ओळी. पयलं वाढलं तवाच समजलं मले."

तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "तुमाले ठाऊक होतं?"

"मले वाटलं तू जाणूनच करून राह्यली." आता त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या तोंडावर एक हसू होतं, बायकोचं कौतुक असल्यासारखं. "म्हणलं, बाई हुशार हाय. आवाज नाई, भांडण नाई, बारीक बारीक. मी कदी बोललो का तुले? एका शबदानं तरी?"

बाप्पा! बावीस वर्षं हा माणूस आपल्या हातची भाकर खात होता, आपल्या पोरांचा बाप झाला, आणि इतकी वर्षं आपल्याला चोर समजून खूश होता. तिला त्याचा राग येत होता की शिसारी, तेही धड कळेना. तिला फक्त त्याच्या मिशीवरचे पाण्याचे थेंब दिसत होते.

"मी चोर नाई," ती म्हणाली.

"मी कुठं म्हणलं चोर? घरचंच तं हाय. मोठा गेला, वहिनी चालली. आता सारंच आपल्याकडं येते. मंग कायचे अकरा अन् कायचे साठ?" त्यानं स्वतःच शिदोरी ओढून घेतली. "फक्त शनवारी पोरगी उभी राहून बोलन ते बरं नाई. अख्खं गाव बसलं राहीन. तिले सांग, साठ-साठ लिव म्हणा."

दामिनी तिथंच होती, खडे घेऊन जमिनीवर विती मांडत. ती म्हणाली, "बाबा, मी साठ लिवलं तं ते बाई इचारते, कसं कळलं. मी काय सांगू?"

"सांग बापानं सांगतलं म्हणून!"

"ते चालत नाई, बाबा. ते म्हणते, तू काय केलं ते सांग."

चंपतरावनं हातातला तुकडा परत फडक्यात टाकला. तो पोरीवर धावून जाणार हे तुळजाबाईला दिसलं आणि ती मधे उभी राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, ती कधी अशी नवऱ्याच्या आड उभी राहिली नव्हती. "जे मोजलं ते लिव," ती पोरीला म्हणाली, नवऱ्याकडे पाहतच. "अन् पुढं हेबी लिव, का फरक आईच्या हातानं पडला."

"गावात तोंड दाखवाची सोय राहीन का?"

"नाई राह्यली तं नाई राह्यली."

तो पाइपला लाथ मारून पंपाकडे निघून गेला. भाकर तशीच राहिली, मुंग्या लागल्या.

शुक्रवारी सकाळी, जनावरांचं शेण-पाणी आटोपून, तुळजाबाई अक्काच्या घरी गेली. दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत होती, पण तिनं वळसा घालून पुढच्या दारानं जायचं ठरवलं. वाटेत चार वेळा थांबली. काय बोलावं याची जुळवाजुळव करत होती आणि दर वेळी पहिल्याच शब्दाला अडत होती.

अक्का अंगणात बसून राखेनं भांडी घासत होती. घासलेली भांडी गोधडीत बांधून ठेवलेली, लोखंडी पेटी दाराशी. गुडघे सुजलेले म्हणून एक पाय लांब पसरलेला.

"ये," अक्का म्हणाली. "बस."

तुळजाबाई बसली नाही. "अक्का, धुरा सरकला हाय. अकरा हात. तुमच्या वावरात. ते तुमचे हायत."

अक्काचा हात भांड्यावर फिरतच राहिला. "मोजून आली?"

"हाव. दामिनीनं मोजलं."

"मी दरसाली मोजत होती," अक्का म्हणाली. "पावलानं."

तुळजाबाईला ऊन चढल्यासारखं झालं. काल नवरा, आज ही! म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. नांगर धरणाऱ्याला ठाऊक, पलीकडच्याला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकटीला. "मंग बोलल्या काऊन नाई? एकडाव बोलायचं होतं ना मले! झिंज्या धरायच्या होत्या!"

"कोणाले बोलू?" अक्कानं भांडं खाली ठेवलं. "चंपतनं केलं असतं तं त्याचे मोठे भाऊ, तुहे भासरे, भांडले असते. भाऊ भावाशी भांडते. पण भावाच्या बायकोच्या तोंडाले कोण लागन? अन् ते गेल्यावर माह्या वावरात नांगर कोणाचा? चंपतचाच. बोलली असती तं तेबी बंद झालं असतं. अन् सासूबाईनं तुले सांगतलं नोयतं असंबी नाई. एक साल तिकडं सरकव, दुसऱ्या साली परत इकडं आण. तू तिकडंच नेत राह्यली. आणलं नाई कदी. मंग मी काय समजाचं?"

"परत आणाची?" तुळजाबाईला तो शब्दच समजेना.

"परत आणाची. तिकडं एक वीत, इकडं एक वीत. जुनी माती दोन सालात नवी होते."

"मले नाई सांगतलं."

"सांगतलं."

"नाई, अक्का! मले एकच साल दाखोलं त्याईनं. तिकडं सरकोलं, असा आंगठा ठिवून. दुसऱ्या सालच्या मिरगाआंदी तं गेल्या त्या! मी वैशाखात आली, त्या पुढच्या चैत्रात गेल्या. मले दुसरं साल दाखवाले होत्याच कुठं त्या?"

अक्काचे राखेचे हात हवेतच राहिले. तिच्या ओठांची हालचाल होत होती. महिने मोजत होती ती. वैशाख, मिरग, पोळा, दिवाळी, चैत्र. मोजून झालं तशी तिच्या तोंडावरची सगळी रया गेली.

"खरंच नाई सांगतलं तुले?"

"दामिनीची शप्पत."

"लेकराची शप्पत घेऊ नोको." अक्का म्हणाली. "बाई गं. अवं बाई गं! मी तं समजली चंपतनं पढोली तुले. मंग समजली तुहंच पोट मोठं. बाजारात तू माह्यावर हसली का मी मनात म्हणाव, खाय, माहं खाऊन मलेच हास. तुह्या पोरीच्या बारशाले मी ताप आला म्हणून निजून राह्यली. ताप नोयता, तुळजा. कायचाबी ताप नोयता."

तुळजाबाई तिच्यासमोर भुईवरच बसली, राखेत, पदराचं भान न ठेवता. "वावर घ्या परत. आजच. वांग्यासकट घ्या, सहा तासं. अन् रविवारी जाऊ नोका. मी तुमच्या पाया पडते अक्का, असं जाऊ नोका."

"वावराचं होईन." अक्कानं कोपरानं डोळे पुसले, राख गालाला लागली. "जावयाले फोन करते, टेम्पो नोको आणू म्हणून. उद्या शाळेत पोरगी सांगन ते ऐकाले मीबी येईन. मंग आपणच काठी धरून मोजू अन् खुटे ठोकू. वावराचं काय, वावर जागीच हाय." ती थांबली. घासलेलंच भांडं तिनं पुन्हा घासायला घेतलं.

"बोला," तुळजाबाई म्हणाली.

"नोको. तुले तरास होईन."

"बोला, अक्का."

"तुहे भासरे बिमार होते तवा तू रोज आंबील घेऊन येत होती."

येत होती. सव्वा महिना. पहाटे उठून ज्वारीचं पीठ आंबवलेलं शिजवायची, मीठ-जिरं टाकायची, गार करायची, फुंकर मारत वाटी मारोतरावच्या तोंडाशी धरायची. तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. ती वाटी तिथंच ठेवून पुन्हा दुसऱ्या दिवशी यायची. "त्याईच्या तोंडाची चव गेल्ती," तुळजाबाई म्हणाली. "घोटभरबी घेत नोयते."

"चव नोयती गेली." अक्का तिच्याकडे पाहत नव्हती. "तू गेली का मी केलेली पेत होते. तुही मी गाईले टाकत होती. मले म्हणत, चोराच्या हातचं नोको पाजू मले, आता मराच्या टायमाले तरी नोको."

तुळजाबाईनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले. मग ती अक्काकडे पाहत राहिली, लहान पोर आईकडे पाहतं तशी.

"आता त्याईले कोण सांगन वं, अक्का?"

अक्कानं तिचा हात आपल्या राखेच्या हातात घेतला.